चार वाट्यांचं सायन्स

मुळे बाई मनगटावरचं घड्याळ उलटं बांधत. तबकडी आतल्या बाजूला, डॉक्टर नाडी बघतात तिथं. पुस्तक हातात धरलं की वेळ त्यांना दिसायची, वर्गाला दिसायची नाही. पोरांचं लक्ष एकदा घड्याळाकडं गेलं की शिकवण्यात अर्थ राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मुख्याध्यापक असताना दुसऱ्या दोन शिक्षिकांनीही तसं घड्याळ बांधून पाहिलं, पण त्यांची पोरं खिडकीतून मारुतीच्या देवळाची सावली बघून वेळ ओळखायची. बाईंच्या तासाला सावलीकडं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

बाई मूळच्या बदनापूरच्या. गणितात एम.एस्सी. झालेल्या, आणि मंठा तालुक्यातल्या आमच्या गावात आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवायच्या. अंगानं बारीक, आवाज मात्र दोन वर्गखोल्यांना पुरेल असा. त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा असे, "कशावरून?" पोरानं उत्तर दिलं, ते बरोबर असलं, तरी बाई विचारणार, कशावरून? पोरगं अडखळत का होईना कारण सांगू लागलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मग म्हणायच्या, "बराबर. बोल." ही त्यांची शाबासकी. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडून कुणाला मिळाली नाही.

हा शब्द शाळेपुरता नव्हता. बाजारात भाजीवालीनं भेंडी कोवळी आहे म्हटलं तरी बाई विचारत, कशावरून. शेवटी मुळे बाई दिसल्या की ती बिचारी आधीच चार भेंड्यांची टोकं मोडून दाखवायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा शेरा मारला की तुमच्या वर्गात फार गोंधळ असतो. बाईंनी नेहमीच्या सुरात विचारलं, कशावरून? साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आढ्याकडं पाहिलं.

मी हे लिहितोय त्याचं कारण सांगतो. आमच्या शाळेच्या विज्ञान शाखेला यंदा पंचवीस वर्षं होतायत. स्मरणिका निघणार आहे. शाखेची सुरुवात कशी झाली यावर मी लिहावं, असा निरोप समितीनं पाठवला. सोबत लेखाचं शीर्षकही त्यांनीच ठरवून दिलं, ज्यात मला या शाखेचा जनक म्हटलंय. नव्या प्रयोगशाळेलाही माझं नाव द्यायचं चाललंय. मी ऐंशीच्या घरात आहे. एवढ्या वयात माणूस असल्या गोष्टी गोड मानून घेतो. मीही घेतल्या असत्या. पण ती शाखा मी काढली नाही. ती मुळे बाईंनी काढली, आणि एकदा माझ्या हातून ती बुडायला आली तेव्हा वाचवलीही त्यांनीच.

शाळेत तेव्हा प्रयोगशाळा नव्हती. पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवायची एक खोली होती. तिच्या एका भिंतीला बाईंनी फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर मोरचूद, तुरटी, नवसागर, चुना अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंच्या बाटल्या मांडल्या. त्या भिंतीला पोरं लॅब म्हणायची आणि उरलेल्या तीन भिंतींना गोदाम.

एकदा बाईंनी नववीच्या पोरांना आपापल्या घरचं प्यायचं पाणी आणायला सांगितलं. सगळ्या बाटल्यांत सारखं साबणाचं पाणी घालायचं, सारखं हलवायचं आणि फेस मोजायचा. ज्याला फेस कमी ते पाणी जड. सरपंचांच्या बोअरचं पाणी गावात सगळ्यात गोड, असं सरपंच स्वतःच सांगत आणि ते सगळ्यांना मान्य होतं. पट्टी लावून मोजलं तर त्यांच्याच बाटलीत सगळ्यात कमी फेस. पोरांनी निकाल फळ्यावर लिहिला, पोरांमार्फत तो घरोघर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सरपंच माझ्या खोलीत येऊन बसले. बाईंना बोलावणं धाडलं. बाई बाटल्या घेऊनच आल्या. सरपंचांनी आपली बाटली दोनदा हलवून पाहिली, फेस तेवढाच. तेवढ्यात त्यांच्या मागोमाग आलेल्या त्यांच्या पत्नी दारातूनच म्हणाल्या, "तरीच म्हणलं डाळ शिजून का न्हाई राह्यली. इतकी वर्षं मी स्टोव्हला शिव्या देऊन राह्यले."

त्या दिवसापासून सरपंचांच्या घरी डाळीसाठी शेजारच्या विहिरीचं पाणी जाऊ लागलं आणि सरपंचकाकू बाईंच्या झाल्या. पुढं हे फार कामाला आलं.

दहावीनंतर सायन्स घ्यायचं तर तेव्हा मंठ्याला जावं लागे. पोरं जायची. पोरींना कुणी एसटीत बसवायला तयार नसे. मग गावातच असलेली कला शाखा, आणि बारावीच्या आत लग्न. बाईंचं एकच म्हणणं होतं की अकरावी-बारावी सायन्स गावातच निघावं, आणि ते गणितासकट निघावं. मला ते नको होतं. उघड विरोध मी केला नाही. बघू, विचारू, संस्थेला कळवू, असं म्हणत मी दोन उन्हाळे घालवले. सायन्सचा निकाल कसा लागेल याची मला धास्ती होती. आमच्या शाळेचा निकाल तालुक्यात नाव घेण्याजोगा होता आणि त्याचे हार माझ्या गळ्यात पडत.

तिसऱ्या उन्हाळ्यात बाईंनी मला विचारणं सोडलं आणि सरपंचकाकूंना घेऊन घरोघर फिरायला सुरुवात केली. पोरींची संख्या भरली तर शाखेला मंजुरी मिळणार होती. मी एकाच घरी त्यांच्यासोबत गेलो, दगडूबा बोराड्यांच्या. त्यांची संगीता गणितात गावातल्या कुठल्याही पोरापेक्षा हुशार. दगडूबांनी सरळ विचारलं, सायन्स म्हणजे नेमकं काय शिकवता तुम्ही?

बाईंनी संगीताच्या आईकडं एक ताट आणि चार वाट्या मागितल्या. ओसरीवर ताट ठेवलं. "हे ताट म्हणजे भाषा. इंग्रजी, मराठी. हे सगळ्यांनाच घ्यावं लागतं." मग एकेक वाटी ठेवत गेल्या. ही भौतिक. ही रसायन. ही जीवशास्त्र. ही गणित. "चारी वाट्या ताटात असल्या तर पोरीला डॉक्टरकीचं दार उघडं अन् इंजिनिअरिंगचंबी उघडं. ही काढली," त्यांनी गणिताची वाटी उचलली, "तर एक दार बंद."

"अन् तिच्या जागी दुसरं काय ठिवता येत न्हाई का?" दगडूबांनी विचारलं.

"येतं. भूगोल ठेवता येतो. पास व्हायला सोपा. पण दार बंदच."

दगडूबांनी बाईंच्या हातातली वाटी घेतली आणि ताटात परत ठेवली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या चारी."

त्यानंतर गावात या कोर्सला चार वाट्यांचं सायन्स असंच नाव पडलं. काही घरांतून तर बायका विचारायच्या, तुमच्या पोरीनं किती वाट्यांचं घेतलं? संख्या भरली. मंजुरी आली. मंजुरीच्या कागदावर मुख्याध्यापक म्हणून माझी सही, आणि उद्घाटनाच्या कोनशिलेवर माझं नाव.

आता मधली गोष्ट, जी मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

बारावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायची आमच्याकडं एक रीत होती. पोरं आणि पालक कोऱ्या फॉर्मवर सही करून द्यायचे. आत काय लिहायचं ते सर भरतील. यात कुणाला काही गैर वाटत नसे. गावाचा शाळेवर तेवढा भरोसाच होता आणि आम्हालाही तो सवयीचा झाला होता. सायन्सच्या पहिल्या तुकडीच्या सह्या बाईंनीच गोळा केल्या आणि कोरे फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवले. त्यात वावगं काही नव्हतं, फॉर्म भरून घेणं माझ्या खोलीचं काम होतं.

त्याच आठवड्यात संस्थेचे सचिव येऊन गेले होते. पहिला निकाल खराब लागला तर शाखा गुंडाळावी लागेल, असं ते चहा पिता पिता बोलून गेले. मी अकरावीचे गुण काढून पाहिले. गणितात पोरापोरींचे सारखेच हाल होते. संगीता आणि आणखी एकदोघी सोडल्या तर पोरींची मला भीती वाटली. पोरांचीही वाटायला पाहिजे होती, पण तसं माझ्या मनात आलं नाही. पोरांना पुढं इंजिनिअर व्हायचंय, पोरी काय, नर्सिंगला जातील नाहीतर डी.एड. करतील, असा विचार मी केला. आणि सगळ्या पोरींच्या फॉर्मवर गणिताच्या जागी भूगोल लिहिला. संगीताच्याही. एकीला वेगळं ठेवलं असतं तर बाकीच्यांनी विचारलं असतं. माझ्या हातानं लिहिला. बाईंना सांगितलं नाही. वर्गात त्या गणित शिकवत राहिल्या. हॉल तिकिटं येतील तेव्हा बघून घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं होतं. काय बघून घेणार होतो ते आजही मला सांगता येत नाही.

हॉल तिकिटं आली तेव्हा परीक्षेला काही आठवडेच उरले होते. दुपारपर्यंत पालक शाळेत जमले. दगडूबा सगळ्यांच्या पुढं. बाई तास सोडून आल्या, त्यांच्या हातावर खडू तसाच होता. दगडूबांनी संगीताचं तिकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "सर, आमची चौथी वाटी कोणी बदलली?"

मी म्हणालो, "फॉर्म मुळे बाईंकडं होते."

हे वाक्य खोटं नव्हतं. फॉर्म त्यांच्याकडं होते, सह्या होईपर्यंत. पण त्या वाक्यानं जे काम करायचं ते केलं. सगळी खोली बाईंकडं वळली. आणि सगळी खोली एका शब्दाची वाट बघत होती. भेंडीवालीला विचारला, साहेबांना विचारला, तो शब्द त्यांनी मला विचारायचा होता. एकदा विचारला असता तर सगळं उघडं पडलं असतं. अक्षर माझं होतं, आणि फॉर्मची प्रत कपाटात होती.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग मनगट वळवून घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. माझ्याकडून झालं. आता वेळ कमी आहे. उद्या सकाळी सातला सगळ्या पोरींनी यायचं. आपण भूगोल करू."

त्यानंतर लोक त्यांना जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. दगडूबांनी टेबलावरचं तिकीट उचलून खिशात घातलं. ते उठून गेले, आणि ते मला जास्त लागलं.

गणितात एम.एस्सी. झालेली बाई त्या महिन्यात पोरींसोबत भूगोल पाठ करत होती. शाळेतल्या भूगोलाच्या सरांना त्यांनी मदतीला घेतलं, पण सकाळी सातचा तास स्वतः घेतला. त्यांना भूगोल येत नव्हता. सगळ्यात वाईट समुद्रप्रवाह. कुठला उष्ण, कुठला थंड, त्यांचं रोज उलटं व्हायचं. संगीता त्यांना दुरुस्त करायची, आणि बाई तिलाही विचारायच्या, कशावरून? मग संगीता नकाशासमोर उभी राहून आपल्या बाईंना शिकवायची. मी वऱ्हांड्यातून जाताना त्यांचं हसणं ऐकू यायचं. मी त्या बाजूनं जाणं सोडलं.

पोरी सगळ्या पास झाल्या. निकाल चांगला लागला. माझा सत्कार झाला. दोन पोरी पुढच्या वर्षी नुसत्या गणिताच्या परीक्षेला बसल्या, बाईंनी त्यांना घरी शिकवलं. संगीतानंही बसावं म्हणून बाई दगडूबांच्या घरी तीनदा जाऊन आल्या. दगडूबा म्हणाले, तुमच्यावर आता भरोसा न्हाई राह्यला, म्याडम. त्या उन्हाळ्यात संगीताचं लग्न झालं.

लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यावर मी बाईंना शाळेच्या पायरीवर गाठलं आणि विचारलं, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?

बाई शांतपणे म्हणाल्या, "हेडमास्तरच असं करून राह्यलाय हे गावाला कळलं असतं तर पुढच्या वर्षी एक पोरगी आली नसती, सर. बाईची चूक म्हणल्यावर बाईला शिव्या देतील, अन् पोरी पाठवतील." मग थोडं थांबून, "तुमच्यासाठी न्हाई केलं. तेवढं ध्यानात ठेवा."

आणि तसंच झालं. पोरी आल्या. शाखा राहिली. आज तिथं चारी वाट्या आहेतच, शिवाय आयटी आहे, पीकशास्त्र आहे. शेजारच्या गावांतून पोरी सायकलीवर येतात.

पुढच्या वर्षी बाईंनी एक गोष्ट मात्र केली, मला न विचारता. फॉर्म भरायच्या दिवशी वऱ्हांड्यात सतरंजी टाकली, पालकांना बोलावलं, आणि प्रत्येक पोरीकडून तिच्या हातानं फॉर्म भरून घेतला. मग तिनं आपले विषय सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे, आणि ऐकल्यावरच बापानं सही करायची. ही पद्धत शाळेत अजून चालू आहे. त्याला फॉर्मवाचन म्हणतात. चांगली परंपरा म्हणून तिचं स्मरणिकेत कौतुक येणार आहे. ती का सुरू झाली हे आता कुणाला माहीत नाही.

स्मरणिकेच्या पहिल्या बैठकीला संगीता आली होती. मंठ्यात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लागलेला. तिनं माझ्या पाया पडून सगळ्यांना सांगितलं की सरांनी सायन्स काढलं म्हणून आम्ही बारावी तरी शिकलो. मुळे बाईंचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "बाई लई चांगल्या होत्या. एक चूक झाली त्यांच्याकडून, पण माणसाकडून होती चूक. मी कधीच मनात न्हाई ठेवली."

ती माझी चूक बाईंना माफ करत होती, माझ्यासमोर. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तब्येतीचं कारण सांगून उठलो.

गेल्या महिन्यात मी जालन्याहून पॅसेंजरनं बदनापूरला गेलो. बाई तिथं भावाच्या घरी असतात, स्टेशनापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. सत्तरीच्या पुढं गेल्यात. केस सगळे पांढरे, ऐकू थोडं कमी येतं, आवाज मात्र तोच. घड्याळ तसंच उलटं. त्यांची भाची हसत सांगत होती की फोनवर फसवणारे लोक आत्याला फोन करायला घाबरतात. बँकेतून बोलतोय म्हटलं की आत्या विचारते, कशावरून?

मी जे लिहिलं होतं ते त्यांना वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचावं लागलं. भाची आत स्वयंपाकघरात होती, तिनंही ऐकलं असणार. बाई मधे एकदाच बोलल्या. त्यांच्या दिसण्याविषयी मी आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या काढायला लावल्या. शेवटी मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते मला कळलं नाही, कारण त्या उठून चहा ठेवायला गेल्या.

निघताना त्या मला सोडायला स्टेशनावर आल्या, मी नको म्हणत असताना. गाडीला उशीर होता. फलाटावर बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "छापायला द्या. पण आधी संगीताला सांगा. तोंडानं. छापलेलं वाचून तिला कळायला नको."

मी हो म्हणालो.

"अन् पोरींना फॉर्म वाचूनच भरा म्हणावं, तेबी लिहा. चारी वाट्या घेता येतात हे अजून किती घरांत माहीत नसतं."

गाडी आली. माझा डबा पुढं सरकला तशा त्या फलाटावर उभ्या दिसल्या. माझ्याकडं नाही, मनगट वळवून घड्याळाकडं बघत होत्या. गाडी किती उशिरा सुटली ते बघत असाव्यात.

परवा मंठ्याला गेलो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. संगीतानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं की त्या वर्षी फॉर्मवर भूगोल मी लिहिला होता, बाईंनी नाही. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "कशावरून, सर?"

मी सगळं सांगितलं. सचिवांचा चहा, अकरावीचे गुण, माझं अक्षर, कपाटातली प्रत. ती ऐकत होती आणि काउंटरवरच्या बियाण्याच्या पाकिटांची चळत सरळ करत होती, ती आधीच सरळ होती. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी त्याची अपेक्षा करत नाही. तिनं माझ्याकडून बाईंचा नंबर घेतला आणि तिथंच फोन लावला. बाईंचा आवाज मला पलीकडून स्पष्ट ऐकू येत होता.

"बाई, मी संगीता बोलून राह्यले. बोराड्यांची."

"कशावरून?"

संगीतानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. बाई थांबल्या होत्या, त्यांनी फोन ठेवला नाही.

"तुम्हाला समुद्रप्रवाह कधीच पाठ झाले न्हाईत, बाई. तुम्ही थंडाला उष्ण म्हणायच्या. ती मी."

मग बाईंचा आवाज आला, वर्गातल्यासारखा.

"बराबर. बोल."